आकाशातले सफाई कामगार गेले कुठे?

डब्यात शेवटचा एकच लाडू उरलेला असतो. तुम्ही त्याच्याकडे बघत बसलेले असता. तेवढ्यात आजी म्हणते, "काय रे, गिधाडासारखा टपून बसलायस!"

बालमित्रांनो, हे वाक्य तुम्ही कधी ना कधी ऐकलं असेलच. आपल्या भाषेत 'गिधाड' ही जवळजवळ शिवीच आहे. हावरट, घाणेरडा, दुसऱ्याच्या मरणाची वाट बघणारा, असं बरंच काही आपण या एका शब्दात कोंबतो.

आता एक प्रश्न. खरंखुरं गिधाड तुमच्यापैकी कितीजणांनी पाहिलंय? टीव्हीवरचं नको, पिंजऱ्यातलं नको. मोकळ्या आकाशात घिरट्या घालणारं! फारच थोडे हात वर होतील.

हाच प्रश्न आजी-आजोबांना विचारा. ते म्हणतील, "त्यात काय! आमच्या लहानपणी गावाबाहेर ढिगानं असायची." आजी-आजोबा काही थापा मारत नाहीत. १९८०च्या दशकात आपल्या देशात गिधाडांची संख्या कोटींच्या घरात होती, असा अंदाज आहे. मग दोन पिढ्यांच्या आत असं काय झालं? ही गोष्ट आहे एका पक्ष्याची. पण ती ऐकता ऐकता आपल्या सगळ्यांचं आयुष्य एकमेकांत कसं अडकलेलं आहे, तेही कळेल.

गावाबाहेरची पंगत

पूर्वी गावात एखादा म्हातारा बैल किंवा म्हैस मेली, की गावाबाहेर ठरलेल्या जागी नेऊन टाकत. थोड्याच वेळात आकाशात एक ठिपका दिसे. मग दोन, मग दहा. बघता बघता पन्नास-साठ गिधाडं खाली उतरत. फडफडाट, ढकलाढकली, चोचाचोची! मोठा थवा असला तर तासाभराच्या आत त्या जनावराची नुसती हाडं उरत. ती हाडं गोळा करून कारखान्यांना विकणारी माणसंही होती. त्यांचं पोट त्यावर चाले.

एवढ्या गिधाडांना बातमी कोण देतं? गंमत म्हणजे, ती एकमेकांवर नजर ठेवून असतात. सकाळी ऊन तापलं, की जमिनीवरची गरम हवा वर चढू लागते. गिधाडं पंख पसरून तिच्यावर अलगद स्वार होतात आणि पंख न हलवता उंच उंच जातात. प्रत्येकाच्या वाट्याला आकाशाचा एकेक तुकडा असावा, तशी ती दूर दूर पसरतात. एकाला खाली मेलेलं जनावर दिसलं, की ते उतरू लागतं. ते उतरताना शेजारच्याला दिसतं, शेजारचा त्याच्या शेजारच्याला. झालं! विनातारेची तारच ती.

गिधाडाचं डोकं आणि मान जवळजवळ बोडकी असते. ते पाहून आपण तोंड वाकडं करतो. पण विचार करा, सडक्या मांसात मान खुपसायची आणि मानेवर दाट पिसं असली तर? सगळी घाण पिसांना चिकटून बसेल. बोडकी मान उन्हात लवकर स्वच्छ होते. शिवाय त्याच्या पोटातलं आम्ल इतकं जहाल असतं, की आपल्याला आजारी पाडणारे कित्येक जंतू तिथे जिवंतच राहत नाहीत. म्हणजे सडकं मांस पोटात घालायचं आणि रोगराई तिथल्या तिथे संपवायची. अशी यंत्रणा एखाद्या कारखान्यात बसवायची म्हटली तर किती खर्च येईल, कुणास ठाऊक!

घंटागाडी आली नाही तर?

तुमच्या गल्लीत सकाळी घंटागाडी येते ना? समजा ती आठ दिवस आलीच नाही. पहिल्या दिवशी काही वाटणार नाही. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावर पिशव्या दिसतील. मग माश्या, मग उंदीर, मग कुत्री, मग वास, आणि शेवटी आजार. कचरा टाकणारे तेच, गल्ली तीच. फक्त एक कामगार गैरहजर!

निसर्गातही कामांची अशीच वाटणी असते. एखादं रान घ्या. त्यात माती, पाणी, हवा आणि ऊन आहे. गवत उन्हाच्या मदतीनं स्वतःचं अन्न तयार करतं. ते झालं उत्पादक. बैल, ससा, हरीण गवत खातात. त्यांना खाणारे वाघ, कोल्हे. हे सगळे झाले भक्षक. आणि कुणीही मेलं तरी ते तसंच पडून राहत नाही. गिधाडं, कावळे, तरस त्याचं मांस संपवतात. उरलंसुरलं किडे, बुरशी आणि डोळ्यांना न दिसणारे जिवाणू कुजवून टाकतात. त्याची माती होते. त्या मातीतून पुन्हा गवत उगवतं.

ऊन रोज नवं येतं, पण माती आणि पाणी तेच ते पुन्हा पुन्हा वापरायचं असतं. म्हणून ही फिरती साखळी चालू राहावी लागते. सजीव, माती, पाणी, हवा आणि त्यांच्यातली ही देवाणघेवाण, या सगळ्याला मिळून म्हणतात परिसंस्था. परिसंस्था मोठ्या जंगलाची असते, तशी गावाची असते, तळ्याची असते आणि तुमच्या शाळेमागच्या वडाच्या झाडाचीसुद्धा असते.

गावाच्या परिसंस्थेतली घंटागाडी होती गिधाडं. पगार नाही, रजा नाही, बोनस नाही!

कामगार गैरहजर

राजस्थानात भरतपूरला केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे. पक्ष्यांसाठी ते जगभर प्रसिद्ध आहे. तिथे पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ विभू प्रकाश यांनी मोजली होती. १९८०च्या दशकात ती साडेतीनशेच्या आसपास भरली. १९९६च्या सुमारास ते पुन्हा मोजायला गेले, तर निम्मीसुद्धा उरली नव्हती. आणखी चार-पाच वर्षांत तिथे एकही घरटं राहिलं नाही.

झाडांवर गिधाडं बसलेली दिसत, पण मान खाली लोंबकळलेली. काही दिवसांनी ती टपकन खाली पडत. मेलेली.

मग देशभर मोजणी झाली. आकडे पाहून शास्त्रज्ञ हादरले. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्के कमी झाली होती! म्हणजे कसं, सांगतो. तुमच्या शाळेत हजार मुलं आहेत असं समजा. पंधरा वर्षांनी प्रार्थनेच्या वेळी मैदानावर एकच मुलगा उभा आहे. असं! लांब चोचीची आणि निमुळत्या चोचीची अशा आणखी दोन जातींची गिधाडंही जवळजवळ ९७ टक्के घटली. जगात कुठल्याही पक्ष्याची इतक्या झपाट्यानं घट झाल्याची उदाहरणं फार थोडी आहेत.

गुन्हेगाराचा शोध

आता गोष्ट गुप्तहेरकथेसारखी होते. संशयित बरेच होते. खायला मिळत नसेल का? पण मेलेली जनावरं तर पडलेलीच होती. शेतातल्या कीटकनाशकांचा परिणाम असेल का? एखादा विषाणू असेल का? बराच काळ सगळ्यांना वाटत होतं, की हा नवा साथीचा रोगच आहे. पण तसा विषाणू काही सापडेना.

शेजारच्या पाकिस्तानातही गिधाडं मरत होती. तिथे अमेरिकेचे पशुवैद्य लिंडसे ओक्स आणि त्यांचे सहकारी मेलेली गिधाडं तपासत होते. त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. बऱ्याच गिधाडांच्या हृदयावर, यकृतावर पांढरा, खडूच्या भुकटीसारखा थर बसलेला होता.

हा थर कसला? पक्ष्याच्या विष्ठेत पांढरा भाग असतो, तो तुम्ही पाहिला असेल. शाळेच्या दप्तरावर पडला तर चांगलाच लक्षात राहतो! ते असतं यूरिक आम्ल. पक्ष्याचं मूत्रपिंड ते रक्तातून गाळून बाहेर टाकतं. मूत्रपिंड बंद पडलं, की ते रक्तातच साठतं आणि आतल्या अवयवांवर थर धरतं. म्हणजे गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत होती. पण कशामुळे?

शास्त्रज्ञांनी विचार केला. गिधाडं खातात काय? मेलेली गुरं. मग गुरांच्या शरीरात असं काय असतं, की जे गिधाडाच्या मूत्रपिंडावर घाला घालील? त्यांनी गुरांच्या औषधांची चौकशी केली आणि एका नावाशी येऊन थांबले. डायक्लोफेनॅक.

हे वेदना आणि सूज कमी करणारं औषध. माणसांसाठी ते आजही वापरलं जातं. १९९०च्या दशकात ते गुरांसाठीही स्वस्तात मिळू लागलं. बैल लंगडायला लागला, गाईच्या कासेला सूज आली, की शेतकरी इंजेक्शन टोचून घेई. जनावराला आराम पडे. पण औषध टोचल्यावर एक-दोन दिवसांतच ते जनावर दगावलं, तर औषध त्याच्या मांसात शिल्लक राही. ते मांस गिधाडांनी खाल्लं, की काही दिवसांत त्यांची मूत्रपिंडं बंद!

तपासणीत पुरावा पक्का झाला. मूत्रपिंड निकामी होऊन मेलेली २५ गिधाडं तपासली, त्या २५च्या २५ गिधाडांत डायक्लोफेनॅक सापडलं. दुसऱ्या कारणांनी मेलेली १३ तपासली, त्यांतल्या एकातही नाही. हे संशोधन २००४च्या सुरुवातीला 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झालं.

तुम्ही म्हणाल, सगळ्याच गुरांना थोडंच हे औषध दिलेलं असतं? बरोबर! पण गिधाडं पंगतीत जेवतात हे विसरू नका. एका जनावरावर पन्नास-साठ गिधाडं तुटून पडतात. शास्त्रज्ञांनी गणित मांडलं, तेव्हा कळलं, की शंभर मेलेल्या जनावरांपैकी एकापेक्षाही कमी जनावरांत हे औषध असलं, तरी गिधाडं इतक्या वेगानं संपायला ते पुरेसं आहे.

या गोष्टीत दुष्ट असं कुणीच नाही, हे लक्षात घ्या. शेतकऱ्याला आपल्या बैलाचं दुखणं बघवत नव्हतं. डॉक्टरांनी चांगलं औषध दिलं. बैलाच्या अंगात टोचलेल्या औषधाचा धागा आकाशातल्या गिधाडापर्यंत जाऊन पोहोचेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

रिकामी जागा रिकामी राहत नाही

गिधाडं गेली. पण गुरं मरायची थांबली का? नाही. मग ते मांस कुणी खाल्लं?

भटक्या कुत्र्यांनी. उंदीरही आलेच. पंगतीतल्या पाहुण्यांनी पानं सोडली आणि दुसरेच येऊन बसले.

पण कुत्रं काही गिधाडाचं काम नीट करत नाही. ते सावकाश खातं, बरंच मागे टाकतं. उरलेलं मांस सडत राहतं, त्याची घाण पावसात वाहून ओढ्या-नाल्यात जाते. शिवाय गिधाड माणसाला चावत नाही. कुत्रं चावतं, आणि त्याला रेबीज झालेला असला तर जिवावर बेततं.

२००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असा अंदाज केला होता, की १९९२ ते २००६ या काळात गिधाडं नसल्यामुळे देशात निदान ५५ लाख कुत्री वाढली आणि रेबीजनं सुमारे ४७ ते ४८ हजार माणसं जास्तीची दगावली. २०२४ साली इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी आणखी मोठा हिशेब मांडला. ज्या जिल्ह्यांत पूर्वी गिधाडं भरपूर होती आणि जिथे ती नव्हतीच, अशांची त्यांनी तुलना केली. २००० ते २००५ या काळात गिधाडं गेल्यामुळे दर वर्षी सुमारे एक लाख माणसं जास्तीची मृत्युमुखी पडली, असा त्यांचा अंदाज आहे.

बैलाला टोचलेलं एक इंजेक्शन. त्यातून मेलेलं गिधाड. त्यातून वाढलेली कुत्री. त्यातून आजारी पडलेलं माणूस. कुठून निघालं आणि कुठे पोहोचलं!

मुंबईत मलबार हिलवर पारशी समाजाची डुंगरवाडी आहे. आपल्या मृतांचे देह पक्ष्यांच्या स्वाधीन करण्याची त्यांची शेकडो वर्षांची परंपरा. गिधाडंच राहिली नाहीत, तेव्हा तिथे उन्हाची उष्णता एकवटणारे आरसे बसवावे लागले. एक पक्षी गेला आणि एका समाजाच्या रीतीवरही त्याचा परिणाम झाला.

(पालकांसाठी एक सूचना: मुलाला कुत्रं चावलं तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा. हळद-चुना काही लावू नका. आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे नेऊन लस द्या.)

बदल तर होतच असतो

आता तुमच्यापैकी एखादा हुशार मित्र म्हणेल, "पण निसर्ग तर नेहमीच बदलत असतो ना?"

अगदी खरं. शेत पडीक टाकून पाहा. पहिल्या पावसाळ्यात नुसतं गवत आणि तण. काही वर्षांत बोरी, घाणेरी, बाभळी. आणखी बऱ्याच वर्षांनी मोठी झाडं. गवत असतं तेव्हा तिथे टोळ आणि चंडोल असतात. झाडं वाढली, की खारी आणि पोपट येतात. जुने जातात, नवे येतात. तळंसुद्धा गाळानं हळूहळू भरत जातं आणि एक दिवस तिथे कुरण होतं.

पण अशा बदलाला वेळ लागतो. त्या वेळात बाकीचे सावरून घेतात, नवीन जागा शोधतात, नव्या सवयी लावून घेतात. गिधाडांना पंधराच वर्षं मिळाली. त्यांच्या दृष्टीनं ही फारच थोडी. कारण गिधाडाची मादी वर्षातून एकच अंडं घालते. पिल्लू मोठं होऊन स्वतः अंडं घालायला साधारण पाच वर्षं जातात. कुत्रीला मात्र एका वेळी पाच-सहा पिल्लं सहज होतात. आता तुम्हीच सांगा, गेलेली जागा कोण आधी भरणार?

म्हणूनच मोडायला सोपं आणि जोडायला अवघड, असा हा प्रकार आहे.

जोडणी सुरू आहे

पण अवघड म्हणजे अशक्य नव्हे बरं का! २००६ साली भारत, नेपाळ आणि पाकिस्तान या तिन्ही देशांनी गुरांसाठी डायक्लोफेनॅक वापरायला बंदी घातली. त्याच्या जागी मेलॉक्सिकॅम हे औषध आलं. त्यानं गुरांचं दुखणं थांबतं आणि गिधाडांना धोका नाही, हे शास्त्रज्ञांनी आधी तपासून घेतलं होतं. काही ठिकाणी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या आणून गुरांना टोचणं चालूच राहिलं. म्हणून २०१५ साली सरकारनं माणसांसाठीच्या इंजेक्शनची बाटली ३ मिलिलीटरपेक्षा मोठी असू नये, असा नियम केला. २०२३ साली केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक ही आणखी दोन औषधं गुरांसाठी बंद झाली, कारण तीही गिधाडांना घातक असल्याचं दिसून आलं.

हरियाणात पिंजोर इथे गिधाडांचं प्रजनन केंद्र आहे. तिथे गिधाडांच्या जोड्या सांभाळतात, पिल्लं वाढवतात. तिथून आणलेली गिधाडं २०२४ साली आपल्या महाराष्ट्रातल्या पेंच आणि ताडोबाच्या जंगलात सोडली गेली. सोडण्याआधी त्यांना काही महिने मोठ्या पिंजऱ्यात ठेवून तिथल्या हवापाण्याची सवय करून दिली होती.

रायगड जिल्ह्यात म्हसळा-श्रीवर्धनच्या बाजूला, नाशिक जिल्ह्यात हरसूलकडे आणि गडचिरोलीत गावकरी, पक्षिमित्र आणि वनखातं मिळून गिधाडं जपतात. काही ठिकाणी तर 'गिधाडांचं उपाहारगृह' आहे! हसू नका. औषध न टोचलेलं मेलेलं जनावर तिथे नेऊन ठेवतात, म्हणजे गिधाडांना बिनधोक जेवण मिळतं. घरट्यांची झाडं तोडू नयेत म्हणून गावकरी लक्ष ठेवतात.

तरीही गिधाडं आजही अत्यंत संकटात आहेत. त्यांची घट आता थोपल्यासारखी झाली आहे. पण पूर्वीसारखी पंगत बसायला अजून कितीतरी वर्षं लागतील. कदाचित तुम्ही आजी-आजोबा व्हाल तेव्हा.

तुम्ही काय कराल?

एक. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, "तुम्ही गिधाडं शेवटची कुठे आणि केव्हा पाहिली?" गाव आणि अंदाजे वर्ष वहीत लिहून ठेवा. वर्गातल्या सगळ्यांनी असं केलं आणि नकाशावर ठिपके दिले, तर तुमच्या तालुक्याचा एक छोटा इतिहासच तयार होईल.

दोन. शाळेच्या आवारात किंवा अंगणात एक हात लांब, एक हात रुंद जागा दोरीनं आखून घ्या. दर रविवारी दहा मिनिटं तिथे बसा. कुठलं गवत आहे, कोण येतं, कोण कुणाला खातं, मेलेला किडा कोण ओढून नेतं, ते सगळं लिहा. पावसाळ्यापासून होळीपर्यंत हे करा. परिसंस्था कशी चालते आणि कशी बदलते, ते तुमच्या डोळ्यांसमोर दिसेल. (मेलेल्या प्राण्या-पक्ष्याला मात्र हात लावायचा नाही हं!)

तीन. घरी गुरं असतील तर जनावरांच्या डॉक्टरांना विचारा, "हे औषध गिधाडांना चालतं का?" लहान मुलानं विचारलं तरी प्रश्न मोठाच आहे.

सप्टेंबर महिन्यातला पहिला शनिवार जगभर गिधाड जागृती दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी तुमच्या वहीतली माहिती प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांना वाचून दाखवा.

आणि हो, रामायणातला जटायू आठवतो ना? सीतामाईला सोडवायला एकटा रावणावर धावून गेला तो. नाशिक जिल्ह्यातल्या टाकेदला आजही लोक त्याच्या आठवणीनं जातात. तो जटायू म्हणजे गिधाडच होता!

तेव्हा पुढच्या वेळी शेवटच्या लाडवाकडे बघताना कुणी तुम्हाला गिधाड म्हणालं, तर रागावू नका. म्हणा, "आजी, गिधाड काही उरलंसुरलं वाया जाऊ देत नाही!" आणि लाडू अर्धा मोडून तिलाही द्या.